भोंगा वाजला की प्रथम नळ बंद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत पाककृती, मुलांचे संगोपन, बचत असे प्रसन्न विषय ऐकावयाची आपल्याला सवय आहे. माझा आजचा विषय ऐकून मात्र काही जणी नाकाला पदर लावतील. तो विषय आहे इमारतीच्या सांडपाण्याच्या टाकीचा, त्या टाकीतील पंपाचा, आणि पंप अडला म्हणजे जो भोंगा वाजतो त्याचा. विषय ओंगळ खरा. पण त्या टाकीत जे साचते ते आपल्याच मोरीतून आणि आपल्याच संडासातून गेलेले असते. आपल्या घरातून गेलेल्या वस्तूची लाज कशाला बाळगायची? आणि त्या भोंग्याशी माणसांच्या जिवाचा संबंध आहे, म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

आपले ऐरोली खाडीकाठचे, सखल भूमीवरचे. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या इमारतींचे सांडपाणी उताराने रस्त्याखालच्या वाहिनीत जाते आणि पुढे महानगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्रात पोचते. परंतु पाणी काही आपण होऊन चढ चढत नाही. जेथे तळघरात न्हाणीघर आहे, जेथे इमारतीची टाकी रस्त्यावरील वाहिनीपेक्षा खोल आहे, किंवा जेथे नव्या संकुलात स्वतःचे शुद्धीकरण यंत्र बसवलेले आहे, तेथे सांडपाणी प्रथम एका टाकीत साठवून पंपाने वर उचलावे लागते. गावठाणातील काही घरांना अजून सेप्टिक टँक आहेत, त्यांतही कोठे कोठे असा पंप असतो.

या पंपाची रचना समजावयास इंजिनियर व्हावे लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पाणी चढले की तो तरंगत वर येतो आणि नळ बंद करतो. सांडपाण्याच्या टाकीतही असेच तरंगणारे गोळे वायरला टांगलेले असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. पाणी एका पातळीला आले की एक फ्लोट पंप सुरू करतो; पाणी खाली गेले की दुसरा तो बंद करतो. या दोहोंच्या वर एक तिसरा फ्लोट असतो. एरवी तो कोरडाच राहतो. पाणी त्याच्यापर्यंत चढले याचा अर्थ पंप आपले काम करीत नाही, किंवा त्याच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी येत आहे. तेव्हा लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो.

आता पुष्कळ ठिकाणी काय होते? भोंग्याच्या आवाजाने दुपारची झोप मोडते. कोणी वरून ओरडते, वॉचमन धावत जातो आणि भोंगा बंद करतो. आवाज थांबला म्हणजे काम झाले असे सर्वांना वाटते. मुलाला ताप आला म्हणून आपण थर्मामीटर फोडून टाकतो का? भोंग्याचा आवाज बंद करण्यास हरकत नाही, त्यासाठी पॅनेलवर बटणच असते. पण लाल दिवा जोवर जळतो आहे तोवर टाकीतले पाणी चढलेलेच आहे, हे ध्यानात ठेवावे.

मग करावयाचे काय? सेक्रेटरींना कळवावे, प्लंबरला बोलवावे, हे आपण सर्व जणी सांगाल. ते करावेच. पण त्याच्याही आधीचे एक काम आहे आणि ते प्रत्येकीच्या स्वतःच्या हातात आहे. घरातले पाणी वापरणे थांबवावे. कपड्यांचे यंत्र चालू असेल तर बंद करावे, भांडी तशीच राहू द्यावीत, अंघोळ पुढे ढकलावी. पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्रही बंद करावे; ते एक लिटर पाणी शुद्ध करताना दोनतीन लिटर पाणी मोरीत सोडीत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

याने काय साधते ते हिशेबानेच पाहू. शहराच्या पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी सामान्यतः धरतात, आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. समजा, इमारतीत २८ घरे आहेत आणि घरटी चार माणसे. म्हणजे ११२ माणसे. त्यांचे सांडपाणी दिवसाला सुमारे १२,००० लिटर, म्हणजे सरासरीने तासाला ५०० लिटर झाले. सकाळी सातआठच्या सुमारास ते याच्या तिप्पट धरा, तासाला १,५०० लिटर. भोंगा वाजला तेव्हा टाकीत वर १,००० लिटरची जागा शिल्लक असली, तर सकाळच्या घाईत ती ४० मिनिटांत भरेल. पण अठ्ठावीसही घरांनी नळ बंद केले तर तीच जागा कित्येक तास पुरेल. चाळीस मिनिटांत कोणता कारागीर येतो ते आपण जाणतोच. कित्येक तासांत मात्र तो नक्की येऊ शकतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगते. दिवे गेले की पंप थांबतो. पण गच्चीवरच्या टाकीतले पाणी विजेवाचून खाली येतच असते. म्हणजे दिवे गेले तरी आपण पाणी वापरतो, आणि ते उचलणारा पंप मात्र निजलेला असतो. पावसाळ्यात हे हमखास घडते. इमारतीला जनरेटर असला तरी पुष्कळदा त्यावर फक्त लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालतात. आपल्या इमारतीत सांडपाण्याचा पंप जनरेटरवर आहे की नाही, हे प्रत्येकीने या आठवड्यात सेक्रेटरींना अवश्य विचारावे.

पाणी थांबवले नाही तर ते जाते कोठे, हेही सांगितले पाहिजे. टाकी भरली की सांडपाणी उलटते आणि सर्वांत खालच्या मजल्याच्या मोरीतून, संडासातून वर येते. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी बादलीभर कपडे धुतले की तळमजल्यावरच्या बाईंच्या न्हाणीत ते पाणी चढते. म्हणून 'आमच्या घरात तर काहीच त्रास नाही' असे वरच्यांनी म्हणू नये. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. पण येथे जळते एकाचे आणि चूल पेटवणारा दुसराच असतो.

नळ बंद झाल्यावर कारण शोधावे. दिवे आहेत का, पंपाचा स्विच पडला आहे का, हे पाहावे. ओल्या हातांनी किंवा साचलेल्या पाण्यात उभे राहून पॅनेलला हात लावू नये. जाणत्या माणसाने पडलेला स्विच एकदा वर करून पाहावा. तो पुन्हा पडला तर त्याच्याशी झोंबू नये, इलेक्ट्रिशियनची वाट पाहावी. पुष्कळदा पंपाच्या पंख्यात काहीतरी अडकलेले असते. काय अडकते? सॅनिटरी पॅड, मुलांचे डायपर, ओले रुमाल म्हणून बाजारात मिळतात ते, फरशी पुसायच्या फडक्याचे तुकडे, केसांचे गुंतवळे. तळणीचे तेल मोरीत ओतले की ते थिजून फ्लोटला चिकटते, आणि मग गोळा वर येतच नाही. या वस्तू टाकीत कोठून जातात हे मी सांगावयास नको. त्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या तर निम्मी दुखणी टळतील.

आता मी माझ्या विषयाच्या मुख्य भागाकडे येते. पंप अडला, पाणी चढले, तळमजल्यावर दुर्गंधी सुटली की इमारतीत घाई होते. सगळेच म्हणतात, 'कोणाला तरी बोलवा आणि आत उतरवा.' कोणीतरी गरीब माणूस पाचसातशे रुपयांसाठी तयार होतो. झाकण उघडतात, तो दोराने खाली उतरतो, आणि क्षणात कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा.

असे का होते? मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो, आणि गाळ ढवळला की एकदम उसळतो. थोडा असेल तर त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण फार असेल तर तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणून 'आता वास येत नाही, वायू निघून गेला' हे म्हणणे जीवघेणे आहे. तोंडाला रुमाल बांधून वायू अडत नाही. विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत आहे, तीही येथे चालत नाही. कारण टाकीत मिथेन असतो आणि तो भडकतो. काडी, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही झाकणाजवळ आणू नये.

ही उदाहरणे दूरची नाहीत. मे २०१९ मध्ये खाडीपलीकडे ठाण्यात ढोकाळी येथे एका निवासी संकुलाच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत सफाईस उतरलेले तीन कामगार मरण पावले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवंडीला एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये आणखी तिघे गेले. या दोन्ही जागा कारखाने नव्हेत, आपल्यासारख्यांची राहती घरे आहेत. गोवंडीच्या त्या तिघांच्या बायकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीस १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. पण भगिनींनो, रकमेने कोणाचे कुंकू परत येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षेची साधने आणि खबरदारी यांवाचून कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. 'आम्ही ठेकेदाराला सांगितले होते, माणूस त्याने उतरवला' असे म्हणून सुटता येत नाही. परभारे काम करवून घेणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे.

म्हणून आपण निक्षून सांगावयाचे, की टाकीत माणूस उतरणार नाही. पंप साखळीने वर ओढून काढता येतो. तशी साखळी नसेल तर ती बसवून घ्यावी. गाळ उपसावयास सक्शनची गाडी बोलवावी. त्यासाठी महानगरपालिकेच्या ऐरोली विभाग कार्यालयात विचारावे. सेप्टिक टँक दोनतीन वर्षांनी उपसून घेतला तर ऐन वेळी धावाधाव होत नाही. आणि दुर्दैवाने कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. ताबडतोब १०१ वर अग्निशमन दलाला किंवा ११२ वर फोन करावा. ऐकताना हे निष्ठुर वाटेल. पण एका घरावरचा घाला तीन घरांवर जाऊ नये, म्हणून ते सांगावे लागते.

कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे असा आग्रह धरला. त्याला नकार मिळाला तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्याच्या तुरुंगात महात्माजींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभला. घाण सर्वांची आहे, तेव्हा ती निस्तरण्याचा भार एकाच जातीच्या डोक्यावर असू नये, असा त्या आग्रहाचा अर्थ होता. आपल्याला कोणी तुरुंगात जा म्हणत नाही, टाकीत हात घाल असेही म्हणत नाही. आपल्या वाट्याचे काम फारच सोपे आहे, तास दोन तास नळ बंद ठेवणे. जितका वेळ आपण नळ बंद ठेवू तितका वेळ गाडी यावयास मिळेल, आणि घाईघाईने कोणाला खाली उतरवण्याची वेळ येणार नाही.

शेवटी एक सूचना मांडते. प्रत्येक इमारतीत मजल्यागणिक एका सभासद बाईने हे काम अंगावर घ्यावे. भोंगा वाजला की व्हॉट्सॲपवर 'नळ बंद' एवढे दोनच शब्द पाठवावेत. पण तेवढ्यावर थांबू नये. वृद्ध माणसे मोबाईल पाहत नाहीत. त्यांचे दार ठोठावून सांगावे. धुण्याभांड्यांच्या बायका घरोघर कामावर येतात, त्यांनाही फाटकातच सांगावे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सक्शनची गाडी यांचे फोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहून पॅनेलजवळ लावावेत आणि त्यांच्याखाली लिहावे, 'टाकीत कोणीही उतरू नये.' महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, कारागिराकडून तो तिसरा फ्लोट उचलून भोंगा वाजतो की नाही ते पाहून घ्यावे. वर्षभर मुका राहिलेला भोंगा ऐन वेळी वाजेलच असा भरवसा कोणी धरू नये.

हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या घरी जातो, अडीअडचणीला धावून जातो. आता जिच्या मोरीत आपले पाणी चढते तिच्यासाठी, आणि जो आपले पाणी उपसावयास येतो त्याच्या घरी वाट पाहणाऱ्या बाईसाठी, एवढे आपण कराल अशी मला खात्री आहे.