तट्टू उसनें द्यावें काय?

छत्री उसनी दिली तर ती बहुधा परत येत नाहीं, आणि पुस्तक आलेंच तर पुठ्ठ्यावांचून येतें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. तथापि छत्रीला भूक लागत नाहीं. गेल्या दिवाळीनंतर आमच्यापुढें आलेला प्रश्न एका तट्टाचा होता.

मैना ही आमची बारा वर्षांची घोडी. ज्या काटक भीमथडी तट्टांवर मराठ्यांचें घोडदळ दौडत असे, त्यांच्याच वंशांतली. मुलगी तिला फिरवीत असे. ती शिक्षणासाठीं परगांवीं गेली आणि मैना पागेंत नुसती उभी राहूं लागली. उभ्या घोड्यालाही चंदी लागते, खरारा लागतो, सहा-आठ आठवड्यांनीं नालबंद यावाच लागतो. अशा वेळीं एका जुन्या स्नेह्यांनीं विचारलें, "मुलांना बसायला शिकवावयाचें आहे. घोडी चार महिने आमच्या मळ्यावर राहूं द्या. खर्च सारा माझा."

मला मोह पडला. तरी कायद्याचें पुस्तक काढून पाहिलें. कराराचा कायदा १८७२ चा, आजही चालू असलेला. आणि गंमत अशी कीं, उसनवारीचे नियम समजावितांना त्यानें उदाहरणाला घोडाच घेतला आहे. खोडकर घोडा खोडी न सांगतां दिला आणि स्वार पडला, तर देणारा जबाबदार. उलट, एकट्या तुमच्याच बसण्यासाठीं दिलेल्या घोड्यावर तुम्हीं घरचें दुसरें माणूस बसविलें, तर तें कितीही जपून बसलें तरी घोड्याची इजा तुम्हीं भरून द्यावयाची. पहिलें उदाहरण वाचून मी वरमलों. उघडलेली छत्री पाहून मैना बुजते, ही गोष्ट मीं बोललों नव्हतों; दलालासारखा तिच्या गुणांचाच पाढा वाचला होता. त्याच सायंकाळीं फोन करून सारें सांगितलें. प्राण्यांवरील क्रूरतेसंबंधींचा १९६० चा कायदा तर वाजवी देखरेख न ठेवणाऱ्या मालकालाही अपराधी धरतो. म्हणजे घोडी दुसऱ्याच्या दारीं बांधून आपली सुटका नाहीं.

मग मळा पाहून आलों. पाणी मुबलक, छप्पर चांगलें. कुंपण मात्र काटेरी तारेचें. शेजारीं लसूणघासाचा हिरवागार तुकडा. "पोटभर खाऊं दे," स्नेही अभिमानानें म्हणाले. येथें मी थबकलों. घोड्याला ओकारी होत नाहीं. पोटांत गेलेलें पुढेंच सरावयास हवें, आणि वाट अडली तर पोटशूळानें तो प्राणासही मुकतो. सुक्या चाऱ्यावरच्या जनावराला एकाएकीं हिरवें किंवा दाणा भरपूर घातला, तर खुरांच्या आंतला नाजूक भाग सुजून तें कायमचें लंगडें होऊं शकतें. बदल हळूहळू करावा लागतो. स्नेह्यांना हें ठाऊक नव्हतें. आम्हांला तरी तें कोठें ठाऊक होतें? मोतद्दारानें शिकविलें. शिवाय तेथें दुसरा घोडा नाहीं, आणि घोडें हें कळपाचें जनावर. मुलें हलकीं होतीं. पण स्नेही स्वतःही बसण्याच्या गोष्टी करूं लागले, आणि ते चांगले भरदार गृहस्थ आहेत! स्वार व खोगीर मिळून ओझें घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शापलीकडे जाऊं नये, असा साधारण नियम आहे. अडीचशें किलोंच्या मैनेला पन्नास किलो झाले.

घरीं बहुतेक नकार ठरला होता. मुलीला कळविलें तेव्हां ती म्हणाली, "बाबा, पागेंत तरी ती कोणाबरोबर आहे? द्या. पण रात्रीं अचानक आजारी पडली तर कोणी काय ठरवायचें, तें आधीं लिहून ठेवा."

एक पान लिहिलें. बसतील तीं दोन मुलेंच, नालबंद आमचा, डॉक्टरांना बोलवायला आमच्या परवानगीची वाट पाहूं नये, दुखणें हाताबाहेर गेलें तर तिला निजविण्याचा निर्णय मात्र आमचा. हें शेवटचें वाक्य लिहितांना हात अडखळला. "आपल्यांत कागद कशाला?" असें स्नेही म्हणाले खरे, पण सही केली, तार काढून बांबूचें कुंपण घातलें, आणि सोबतीला एक शेळी आणली.

मैना माघांत गेली. मोतद्दार पहिले आठ दिवस तिच्याजवळ राहिला. मी दर रविवारीं जाऊन येत असे. तिचें अंग आणि खूर पाहीं, आणि स्नेही अजून तिच्या पाठीवर बसलेले नाहींत ना, हें मुलांना हळूच विचारून घेईं.