पावसातली वाडीची वाट : गाडी, ओहोळ आणि आपण

 

आज आम्ही बोलणार आहोत आपल्या वाडीच्या वाटेबद्दल. डांबरी सोडून वर वळते, जंगलातून चढते, मे महिन्यात जिच्यावर धुरळा उडतो आणि जून सरेपर्यंत जिचा ओहोळ होतो, ती वाट. रेशन याच वाटेने येतं. आशाताई याच वाटेने येते. गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला हमरापूर-जोह्याकडे जाणाऱ्या आपल्या मुली याच वाटेने उतरतात, आणि दिवस भरलेली बाईही याच वाटेने खाली येते. म्हणून वाटेची गोष्ट ही ड्रायव्हरची एकट्याची नाही, आपली आहे.

आधी वाट मोडते कशी ते बघू. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे सुमारे दहा फूट पाणी, आणि जवळजवळ सगळं चार महिन्यांत. हे पाणी डोंगरावरून खाली येताना सोपी जागा शोधतं. गाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी ही त्याला सगळ्यात सोपी जागा. पाणी एकदा चाकोरीत शिरलं की मुरूम धुऊन नेतं, चाकोरीची घळ होते, मग खालचे दगड उघडे पडतात. पुढच्या गाडीचं चाक त्याच घळीत जातं आणि ती आणखी खोल होते. दुसरं मोडण्याचं ठिकाण म्हणजे मोरी. पालापाचोळा आणि फांद्या अडकून मोरीचं तोंड बंद झालं की पाणी वाटेवरून उडी मारतं आणि खालच्या बाजूची कडा कापून नेतं. वरून वाट शाबूत दिसते, पण आतून पोकळ झालेली असते. तिसरं म्हणजे डोंगर कापून काढलेली बाजू. तिथून आधी मातीचे लहान ढेकळे घरंगळतात, झाडं वाकतात, नेहमीच्या झऱ्याचं पाणी गढूळ येतं. ही दरडीची आगाऊ सूचना आहे. असं दिसलं तर त्या दिवशी त्या जागेखालून गाडीही नाही आणि माणूसही नाही.

आता गाडीबद्दल. खालच्या रस्त्यावर मिनीडोर चालते. वर चढायला जीप लागते, तीही चारही चाकं ओढणारी असेल तर बरं. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी चिखलातून चढते. थांबण्याच्या बाबतीत ती इतर गाड्यांसारखीच आहे. ओल्या उतारावर तीही तशीच घसरते. त्यामुळे "आपली फोर व्हील आहे, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याच्या भरवशावर बसू नका.

चढताना पहिला किंवा दुसरा गिअर आधीच टाकायचा, मध्ये बदलायचा नाही. उतरताना तोच लहान गिअर ठेवायचा आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची, ब्रेकवर पाय दाबून बसायचं नाही. घळ खोल असेल तर चाक घळीत सोडण्यापेक्षा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून हळू जायचं, मात्र खालची कडा पोकळ नाही हे आधी उतरून बघायचं. निसरड्या उतारावर गाडी आडवी घ्यायची नाही, ती कलंडते. टपावर आणि मागे लटकून माणसं असली की वजन वर जातं आणि कलंडायला आणखी सोपं होतं. म्हणून अवघड वळणाच्या आधी सगळ्यांनी खाली उतरायचं. पन्नास पावलं चालल्याने कोणाचं काही जात नाही.

चाक चिखलात फिरायला लागलं तर जोरात रेस करायची नाही. चाक जितकं फिरतं तितकं खाली रुतत जातं. थांबायचं, चाकासमोरचा चिखल फावड्याने काढायचा, चपटे दगड आणि पडलेल्या फांद्या चाकाखाली घालायच्या आणि हळू निघायचं. दोराने ओढायची वेळ आली तर ताणलेल्या दोरापासून सगळ्यांनी, विशेषतः पोरांनी, दूर उभं राहायचं. तो तुटला तर चाबकासारखा येतो.

जीव जातात ते ओहोळ ओलांडताना. वाहतं पाणी दिसतं त्यापेक्षा जड असतं. जोराचं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात. एक फूट पाण्यात लहान गाडी हलू लागते. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना ढकलून नेतं, जीपलासुद्धा. आणि गढूळ पाण्याखाली फरशी आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही.

म्हणून नियम साधा आहे. पाण्याचा तळ दिसत नसेल आणि जोर असेल, तर थांबायचं. पाणी संथ असेल तर आधी एका माणसाने काठीने अंदाज घ्यायचा, कमरेला दोर बांधून, आणि गुडघ्यापर्यंत पाणी लागलं की मागे फिरायचं. पाणी त्याहून कमी असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये, एकाच चालीने न्यायची. मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. पलीकडे गेल्यावर दोन-चार वेळा हळूच ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्यायचा, कारण ओला ब्रेक पुढच्या उतारावर धरत नाही.

थांबायचं म्हणजे किती वेळ? डोंगरातला ओहोळ जसा झटकन चढतो तसा पाऊस थांबला की काही तासांत उतरतोही. पण खाली नागोठण्याकडे अंबा नदीला पूर आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर पाणी लवकर ओसरत नाही. तिथे भरतीची वेळ विचारूनच निघायचं.

रात्रीचं तर बोलायलाच नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल, तरी अंधारात दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. हमरस्त्यावर असं होतं, तर वाडीच्या फरशीचा काय भरवसा? अंधार पडल्यावर पुराचं पाणी ओलांडायचं नाही.

आपल्या रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. दरवर्षी पावसाळ्यात तिचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि माणसं रुळाच्या कडेने पायी फिरून दरड, माती, पाणी बघतात. एवढी मोठी रेल्वे पावसापुढे वेग कमी करते, तर आपल्या जीपने करायला काय हरकत आहे? वाडीचंही पावसाळी वेळापत्रक ठरवता येतं. बाजाराला आठवड्यातून एकच दिवस, सकाळी उजाडल्यावर निघायचं, दिवस मावळायच्या आत परत. आणि गाडी निघण्याआधी दोघांनी वाट चालून बघायची.

आता आपल्या बोलण्याबद्दल. गाडी एकजण चालवतो, पण मागे आपण दहा जणी बसलेल्या असतो, कडेवर पोरं घेऊन. बहुतेक वेळा आपण गप्प बसतो. दादाला वाईट वाटेल, उशीर होईल, लोक हसतील असं वाटतं. आम्ही वाड्यांवर फिरताना ठरवलं की ओहोळाशी आलं की "दादा, आम्ही उतरतो, आधी बघून घ्या" एवढं एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी लगेच उठायचं. एकीचं ऐकत नाहीत, दहा जणी उठल्या की गाडी थांबते. एका वाडीत असंच झालं. बायका उतरल्या, काठी घातली तर फरशीचा पलीकडचा तुकडा जागेवर नव्हता. त्या दिवशी सगळ्या चालत घरी गेल्या, भिजल्या, पण गेल्या.

आजारी माणूस आणि बाळंतीण यांचं मात्र आधीच ठरवावं लागतं. पावसाळ्यात जिचे दिवस भरणार आहेत तिची यादी आशाताईसोबत मे महिन्यातच करा. तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधी तिला डांबरीजवळच्या नातेवाइकांकडे आणा. कळा सुरू झाल्यावर झोळी करून चार माणसांनी चिखलातून उतरवणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. १०८ ची गाडी वाडीपर्यंत चढणार नाही, म्हणून ती कुठपर्यंत येते ती जागा ठरवून ठेवा आणि फोनवर तीच सांगा. साप चावला तर पळवू नका, चालवू नका, झोळीत झोपवून आणा. झोळीचे बांबू, घोंगडी आणि बॅटरी कोणाच्या घरी आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. मदतीची माणसं पावसात डोंगर चढून गेली, यंत्रं वर नेता आली नाहीत, ढिगारा हातांनी उपसावा लागला. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा पत्ता लागला नाही. रस्ता असता तर दरड थांबली नसती, हे खरं. पण रस्ता नसण्याची किंमत काय असते, हे तिथे साऱ्या राज्याने पाहिलं.

तर मग आपल्या हातात काय आहे? पहिलं, मे महिन्यातलं काम. मोऱ्यांची तोंडं साफ करा. कडेची गटारं मोकळी करा. चढाच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे आडवे, जरा तिरके बांध घाला, म्हणजे चाकोरीतलं पाणी कडेला वळतं आणि घळ पडत नाही. गाडीचं चाक सहज वर चढेल एवढाच तो बांध उंच ठेवा. वाट जंगलातून असेल तर वनरक्षकाला आधी सांगा.

दुसरं, कागदाचं काम. "जमीन वनखात्याची, रस्ता होणार नाही" हे उत्तर आपण खूप वेळा ऐकलं आहे. पण वनहक्क कायदा २००६ मधलं कलम ३(२) सांगतं की रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची सोय अशा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे सुरुवात ग्रामसभेतून होते, आपल्यातून. वनहक्काच्या नियमांत हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्यात असंही आहे. तेव्हा घरी बसू नका.

कातकरी वाड्यांसाठी आणखी एक दार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन योजनेत कातकरी समाज येतो, आणि त्यात रस्ता नसलेल्या वस्त्यांना जोडण्याचं काम आहे. आपली वाडी त्या यादीत आहे का, हे पंचायत समितीत लेखी विचारा आणि पोच घ्या. अर्जासोबत फोटो जोडा : मेमधला एक, जुलैमधला एक. तोंडी सांगितलेलं विसरतात, फोटो फायलीत राहतो.

पुढच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी लिहून काढा. वाटेवर पाणी कुठे कुठे अडतं, पावसाळ्यात कोणाचे दिवस भरतात, आणि ग्रामसभेत ठराव कोण मांडणार. नावं लिहा, तारीख लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.

जपून चाला, बघून ओलांडा, आणि गाडीत गप्प बसू नका.