चाफ्याचे बी : काढणी आणि जतन



देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणापाशी, निष्पर्ण फांद्यांवर फुलांचे घोस मिरवीत उभा राहणारा खुरचाफा कोणास परिचित नाही? (सोनचाफा हा निराळ्या कुलातील वृक्ष, त्याचा विचार येथे केलेला नाही.) खुरचाफा इतका आपला झाला आहे की, त्याचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे ऐकून अनेकांना नवल वाटते. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ या प्रजातीस ‘प्लुमेरिया’ हे नाव मिळाले.

चाफा लावणे अगदी सोपे. फांदी छाटावी, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि जमिनीत खोचावी. या सोपेपणामुळेच त्याच्या बियांकडे कोणी वळत नाही. परिणामी, एखाद्या गावातील सारे चाफे हे पुष्कळदा एकाच झाडाचे तुकडे असतात : रंग तोच, गंध तोच आणि दुबळेपणाही तोच. पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी पसरविणाऱ्या तांबेऱ्यास मूळ झाड बळी पडत असेल, तर त्याच्या फांदीपासून वाढलेले प्रत्येक झाड तसेच बळी पडेल. नवा रंग, नवी ताकद यांची शक्यता बियांतच असते.

मात्र बी सहजासहजी लाभत नाही. चाफ्याच्या फुलात मधुरस नसतो. रात्रीच्या सुगंधाला भुलून मोठे निशाचर पतंग येतात आणि रिकामेच परततात. या फसवणुकीतूनच परागीभवन घडते, असे कोस्टा रिकातील एका अभ्यासाने १९८४ साली दाखवून दिले. म्हणून फुले हजारो, शेंगा मोजक्या. बैलाच्या शिंगांसारखी ही जोडशेंग पुष्कळांनी पाहिलेलीही नसते. झाडाला काही रोग झाला असे समजून ती तोडून टाकली जाते. शाळेच्या माळ्याला व मुलांना ती ओळखून देणे, हे पहिले काम होय.

शेंग पक्व होण्यास आठ-नऊ महिने, क्वचित अधिकही लागतात. येथे घाई नडते. हिरवी शेंग तोडल्यास आतील बी अपुरे राहते. शेंग तपकिरी-काळसर पडू लागली की तिच्याभोवती मलमलीची किंवा जुन्या मच्छरदाणीची सैल पिशवी बांधावी. प्लॅस्टिकची नको, आत दमटपणा साचून बुरशी धरते. असे न केल्यास शेंग एके दिवशी उकलते आणि पंख असलेले बी वाऱ्यावर निघून जाते. वर्षभराची प्रतीक्षा एका दुपारी वाया जाते ती अशी. झाडाचा पांढरा चीक डोळ्यांना व त्वचेला त्रासदायक असल्याने मुलांना हे काम करू देताना मोठ्यांनी जवळ असावे.

उकललेल्या शेंगेतील बी दोन-चार दिवस सावलीत वाळवावे. टणक, भरीव बी ठेवून पोचट बी काढून टाकावे. कागदी पाकिटात भरून कोरड्या, थंड जागी ठेवावे व पाकिटावर मातृवृक्षाची जागा, फुलाचा रंग आणि काढणीची तारीख लिहावी. ही नोंद म्हणजे कारकुनी नव्हे. तिच्यावाचून पुढे कोणते रोप कोठून आले हे सांगता येत नाही. बी जुने होईल तशी उगवण घटते, म्हणून पुढचाच उबदार हंगाम साधावा. वाळूमिश्रित मातीत जाड टोक खाली व पंख किंचित वर राहील असे बी उभे लावल्यास साधारण एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतो. पाणी बेताने द्यावे. अधिक पाण्याने कोवळे रोप कुजते.

फुलासाठी तीन वर्षे, कधी त्याहून अधिक थांबावे लागते. गुलाबी चाफ्याच्या बियांतून गुलाबीच येईल याची हमी नाही. बहुतेक रोपे साधीच निघतील, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे. दहांतून एखादे निराळे, निकोप झाड मिळाले, तर मात्र त्याची फांदी छाटून शेजारच्या गावांना द्यावी.