क्रियापद एकटं शिकू नका

आज बोलूया इंग्रजी क्रियापदांच्या मागे येणाऱ्या चिमुकल्या शब्दांबद्दल: टू, फॉर, ऑन, ॲट, विथ. मुलाखतीत उत्तर येत असूनही बरेच जण नेमके इथेच अडखळतात आणि गप्प होतात.

आधी आपली मराठी बघा. आपण माणसावर रागावतो, माणसाशी भांडतो, माणसाला घाबरतो आणि माणसाची वाट पाहतो. वर, शी, ला, ची हे कुणी नियमानं शिकवलं? नाही. क्रियापदासोबतच कानावर पडलं. इंग्रजीही तशीच शिकायची.

गोंधळ होतो तो मराठीचा प्रत्यय उचलून तिकडे चिकटवल्यामुळे. कधी तो जुळतो: 'वर अवलंबून' म्हणजे 'डिपेंड ऑन'. कधी इंग्रजीला काहीच लागत नाही. आपण विषयावर चर्चा करतो, पण इंग्रजीत 'डिस्कस द प्लॅन'. मध्ये 'अबाउट' नको. आपण सीमाशी लग्न करतो, इंग्रजीत 'ही मॅरीड सीमा', 'विथ' नको. कधी उलटं: आपण नुसतं गाणं ऐकतो, इंग्रजीत 'लिसन टू द साँग'. आणि 'मला समजावून सांगा' म्हणजे 'एक्सप्लेन इट टू मी', 'एक्सप्लेन मी' नव्हे.

जोडीदार बदलला की अर्थही बदलतो. 'लुक ॲट' म्हणजे बघणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक आफ्टर' म्हणजे काळजी घेणं. आई आजारी आहे म्हणून रजेच्या अर्जात 'लुकिंग फॉर माय मदर' लिहिलंत, तर साहेबांना वाटेल आई हरवली!

मग करायचं काय? वहीत 'वेट' लिहू नका, 'वेट फॉर' लिहा. खाली स्वतःच्या दिवसातलं वाक्य: 'आय ॲम वेटिंग फॉर द बस.' ते मोठ्यानं म्हणा. रोज तीन जोड्या पुरेत.

शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी उघडा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत परभाषकांसाठी केलेला कोश १९४२ मध्ये तिथेच निघाला. पुढे त्यातूनच ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश घडला. कोणत्या क्रियापदामागे काय येतं, हे त्यात उदाहरणासह दिलेलं असतं.

आणि बोलताना आठवलं नाही, तर थांबू नका. 'डिस्कस अबाउट' म्हणालात तरी समोरच्याला कळतं. गप्प बसलात तर काहीच कळत नाही. आज रात्री तीन जोड्या लिहा. भेटूया पुढच्या भागात.