मुदत टळली, चूल अडली

अमेरिकेत सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी संसदेनं खर्च मंजूर केला नाही, तर बरीच सरकारी कामं थांबतात. २०२५ मध्ये तसंच झालं. वरच्या सभागृहात ६० मतं हवी होती. सत्ताधाऱ्यांकडे तेवढी नव्हती. आरोग्यविम्याची सवलत चालू ठेवा, म्हणून विरोधक अडून बसले. ४३ दिवस तिढा सुटेना. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. चार कोटींहून अधिक लोकांना मिळणारी अन्नमदत नोव्हेंबरमध्ये रखडली. खासदारांचा पगार मात्र चालूच होता!

आपणही गटात, ग्रामसभेत पैशांवरून वाद घालतो. घालायलाच हवा. पण वाद मिटेपर्यंत कुणाची चूल थांबेल, हे आपण आधी विचारूया.