बहादूरची बेला

(विक्रोळीच्या कन्नमवार नगरात महिला गटांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पोस्टर आणि चित्रपुस्तिका कशा करायच्या यावर बोल, असं मला सांगितलंय. मी बोलणार आहे एका जुन्या कॉमिकबद्दल. चित्र किती पुढे जाऊ शकतं आणि गोष्ट कशी मागे राहते, ते त्यात चांगलं दिसतं.

पन्नाशी ओलांडलेल्यांना 'इंद्रजाल कॉमिक्स' आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने १९६४ साली मुंबईतून सुरू केलं, १९९० साली बंद झालं. मराठीतही यायचं. माझे भाऊ रद्दीवाल्याकडून आणायचे. ते खेळायला गेले की माझा नंबर. वेताळ सगळ्यांचा लाडका, पण १९७६ साली तिथे आपल्याकडचा नायक आला, बहादूर. कथा आबिद सुरतींची, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, खाली जीन्स, बाप डाकू.

ब्राह्मणियांचा हात काय होता! चंबळच्या घळी, त्यातली काळी सावली, घोड्यांची धूळ. मजकूर न वाचताही छातीत धडधडायचं. आणि बेला. बहादूरबरोबर लग्नाशिवाय राहणारी, कराटे येणारी. मुलांच्या हातात पडणाऱ्या पुस्तकात, त्या काळी! आम्हाला खांदे आत घेऊन, ओढणी सावरत चालायला शिकवलं जात होतं. बेला पाय रोवून उभी राहायची. मी आरशासमोर तशी उभी राहून बघितलंय, हसू नका.

पण गोष्ट? मी वाचलेल्या अंकांत बेला लढते ती बहादूरने ठरवलेली लढाई. तिला स्वतःला राग कशाचा आहे, याला एक पान मिळत नाही. डाकूंचंही तेच. माणूस बंदूक घेऊन घळीत का उतरला? जमीन गेली, जातीने छळलं, सावकाराने नाडलं? विचारायचंच नाही. बहादूरच्या बापाला मारणारा पोलीस अधिकारी विशाल त्याच मुलाला वाढवतो, सूड विरघळतो, मुलगा पुढे नागरिक सुरक्षा दल काढतो. गावाने आपलं रक्षण आपण करावं, ही कल्पना मला आजही आवडते. पण त्या गोष्टीत पोलीस म्हणजे बापच.

आता तारखा शेजारी ठेवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. १९७९ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९८० साली मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला. आपल्यातल्या काहीजणी त्या मोर्च्यांत होत्या. आणि १९८३ साली भिंडला फूलन देवीने बंदूक खाली ठेवली. चंबळचीच बाई, मल्लाहाची मुलगी, जातीचा आणि बलात्काराचा सगळा इतिहास अंगावर घेऊन. हे सगळं घडत होतं तेव्हा आम्ही बहादूर वाचत होतो.

हे जुनंच दुखणं आहे असंही नाही. भाची मला मोबाइलवर 'नारुतो' दाखवते. मासाशी किशिमोतोची ही जपानी चित्रमालिका १९९९ ते २०१४ चालली, ७२ पुस्तकं झाली. धावण्याचा वेग कागदावर असा उतरलाय की बघत राहावं. त्यातली साकुरा मुठीने जमीन फोडते, आणि तरी दोन मुलांचं भांडण मिटायची वाट बघण्यात तिची पुस्तकंच्या पुस्तकं जातात. भाची वैतागते. मला बरं वाटतं.

आता आपल्याकडे वळते, रागावू नका. आपल्या पोस्टरवरची बाई बघा. मूठ वळलेली, केस मोकळे, मागे लाल सूर्य. ती कामाला कुठे जाते? चौकीत तिची तक्रार कुणी लिहून घेतली नाही? घरी गेल्यावर तिला दार कुणी उघडलं? काही कळत नाही. आपणही तिला बेलाच केलंय.

दुपारी कागद-रंग वाटणार आहोत. पार्कसाइटच्या बायकांना नळावरच्या मारामारीचं चित्र काढायचंय. जिला मार बसला ती इथेच बसली आहे. आधी तिला बोलू द्या. मध्ये कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. पेन्सिली चहानंतर.