समुद्राची राखण आणि राखणीची किंमत



मुंबईच्या उपनगरांतील श्रमिकांचा विचार निघाला की कारखान्यातला कामगार, झोपडपट्टीतला रहिवासी आणि फेरीवाला डोळ्यांपुढे येतो; मच्छीमार सहसा येत नाही. वस्तुतः अंधेरीच्या पश्चिमेस वेसावे, खाडीपलीकडे मढ, त्याच्या उत्तरेस मनोरी आणि बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई ही गावे आजही समुद्राशी बांधलेली आहेत. पूर्वेकडे मुलुंड-भांडुपपासून ट्रॉम्बेपर्यंत ठाणे खाडीच्या काठी बोय, निवटी आणि चिंबोरी यांवर चूल पेटवणारी कुटुंबे आहेत. समुद्रातील मासळी पुढच्या पिढ्यांसाठी राखली पाहिजे, याबद्दल त्यांच्यात दुमत नाही. वाद आहे तो वेगळ्याच प्रश्नाचा: या राखणीची किंमत कोणी मोजायची आणि राखणीचा अधिकार कोणाच्या हाती असायचा?

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ साली हा आकडा २.०१ लाख टनांवर आला. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षीच्या वादळांनी मासेमारीचे अनेक दिवस बुडाले, हे खरे. तथापि, अपरिपक्व मासळी बेसुमार पकडली जाते, ही तक्रार त्या वादळांच्या कितीतरी आधीची आहे. बोटभर पापलेट आज मातीमोल भावाने जाते. तेच पापलेट समुद्रात वाढू दिले तर एकदा तरी अंडी घालते आणि मग कितीतरी पट भाव मिळवते. कोवळ्या मासळीचा मोठा वाटा तर माणसाच्या ताटातही येत नाही, मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात जातो. गरिबाच्या घासातील प्रथिने अशा रीतीने कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात रूपांतरित होतात.

कोळीसमाजाला राखण नवी नाही. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी दर्यात न लोटण्याची रीत होती. डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना कवी म्हणतात; कोणाची कव कोठे असावी, हे गावांच्या परस्पर समजुतीने ठरत असे. या व्यवस्थेला सुवर्णयुग समजण्याचे कारण नाही. पावसाळ्यात शिडाची होडी बाहेर जाऊच शकत नव्हती, आणि कवींवरून भांडणेही होत. पण साधनांना मर्यादा होती आणि त्या मर्यादेभोवती समाजाने नियम विणले होते. स्वातंत्र्यानंतर अधिक उत्पादनाच्या ध्येयापोटी सरकारनेच यांत्रिकीकरणाला कर्ज आणि अनुदान दिले. इंजिन आले, ट्रॉलर आले, पुढे मासळीचा संबंध थवा वेढून घेणारे पर्ससीन जाळे आले. ज्याच्याजवळ भांडवल, त्याच्या हाती समुद्र, अशी स्थिती निर्माण झाली.

सामायिक मालमत्ता सर्वांच्या हव्यासापायी उजाड होते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी तो उचलून धरला. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या मच्छीमार, शेतकरी आणि वनवासी समूहांचा अभ्यास करून दाखवले की, नियम करण्यात ज्यांचा वाटा असतो ते लोक सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समुद्र उजाड होतो तो सर्वांचा असल्यामुळे नव्हे, तर सर्वांचा असूनही मूठभरांना तो ओरबाडू दिल्यामुळे.

महाराष्ट्रात कायद्यांचा दुष्काळ नाही. सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने झाई ते मुरुड या पट्ट्यात, म्हणजे मुंबईसमोरील समुद्रातही, पर्ससीनला मनाई झाली; अन्यत्र ती सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित करून परवाने १८२ पर्यंत उतरवण्याचे ठरले. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यावर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम लाखांत नेली. २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवण्यात आला. पापलेटाला राज्यमाशाचा मानही त्याच वर्षी मिळाला. हे नियम कोळ्यांच्या मागणीच्या दिशेनेच जाणारे आहेत. तरीही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार कायम आहे, कारण बाराशे रुपयांची मासळी आणणारा किनाऱ्यावर सहज सापडतो, रात्री दिवे लावून लाखोंची मासळी ओढणारा खोल पाण्यात निसटतो. किमान आकाराचा नियमही मासळी बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईपाशी तपासला गेला आणि जाळ्याचे आस मात्र तपासलेच गेले नाहीत, तर शिक्षा चुकीच्या माणसाला होईल.

पावसाळी बंदीचा हिशेबही असाच तपासला पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मनाई असते. ती आवश्यक आहे. पण या दोन महिन्यांत नौकेच्या मालकाची नौका शाकारून उभी राहते. खलाशाची मजुरी थांबते आणि मासळी विकणाऱ्या बाईचा रोजचा गल्ला बंद होतो. वेसाव्यापासून गोराईपर्यंत विक्रीचा आणि वलांडीवर बोंबील सुकवण्याचा व्यवहार स्त्रियांच्याच हातात आहे. घरखर्च, मुलांची फी, होडीच्या कर्जाचा हप्ता यांची तोंडमिळवणी त्याच करतात. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छीमाराने १,५०० रुपये साठवायचे आणि सरकारने ३,००० रुपये घालायचे, अशी तरतूद झाली. तीन महिन्यांसाठी ४,५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास! शिवाय योजना मासे पकडणाऱ्यासाठी आखलेली. मासे विकणारी आणि सुकवणारी स्त्री तिच्या व्याख्येबाहेरच राहते. तामिळनाडूत बंदीकाळात मच्छीमार कुटुंबाला ८,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. केरळात बंदीच्या काळात ट्रॉलरवरील कामगारांना मोफत शिधा दिला जातो. ज्या राखणीचा लाभ साऱ्या समाजाला होतो, तिचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यांवर टाकणे न्याय्य नाही.

आणखी एक विसंगती आहे. कोळ्याला जाळे आवरण्याचा उपदेश करणारे शहर मासळीची पाळणाघरे मात्र बुजवत असते. ओशिवरा आणि पोयसर नद्या उपनगरांचे सांडपाणी घेऊन मालाडच्या खाडीत उतरतात. कांदळवनांच्या मुळांत कोळंबी आणि अनेक माशांची पिल्ले वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली, ती उगाच नव्हे. तरीही वेसाव्याहून उत्तरेकडे नेण्याच्या किनारी रस्त्याची आखणी याच खाड्यांवरून आणि कांदळवनांतून झाली. समुद्रात नियम पाळायचे कोळ्याने आणि किनाऱ्यावर नियमाला अपवाद मिळायचा मोटारवाल्याला, ही व्यवस्था शाश्वत म्हणता येणार नाही.

१९९१ च्या खोल समुद्र धोरणाने परदेशी जहाजांना संयुक्त उपक्रमांच्या नावाने दार उघडले, तेव्हा देशभरचे मच्छीमार संघटित झाले आणि मुरारी समितीला १९९६ साली त्यांची बाजू मान्य करावी लागली. त्या लढ्याची शिकवण आजही लागू आहे. मागण्या स्पष्ट असाव्यात. बंदीकाळात खलाशी आणि मासळी विक्रेत्या स्त्रिया यांना जगण्यापुरता भत्ता मिळावा. नियम ठरवताना आणि गस्त घालताना मच्छीमार सहकारी सोसायट्यांना वैधानिक स्थान असावे, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा असावा. तपासणी बाजारातील पाटीपासून नव्हे, बंदरातील जाळ्यापासून सुरू व्हावी. कोळीवाड्यांचे सीमांकन करताना वलांड्यांची आणि होड्या ओढण्याची जागाही गावाच्या हद्दीत धरली जावी.

उपनगरांतील कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला एका जमातीचा प्रश्न मानू नये. अंधेरी-घाटकोपरच्या चाळीत जवळा आणि सुके बोंबील शिजवणाऱ्या कामगाराचे पोट आणि वेसाव्याच्या कोळणीचा रोजगार एकाच समुद्रावर अवलंबून आहेत. येत्या पावसाळ्यात बंदी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाखेने जवळच्या कोळीवाड्यात जाऊन खलाशी आणि विक्रेत्या स्त्रिया यांची नोंद करण्यास हात लावला, तर भत्त्याच्या मागणीला कागदाचा आधार मिळेल आणि लढ्याला माणसे मिळतील.